उंदराचा उजवा कान

"दिसलं, की वाटलं?"

बाईंच्या तोंडून हा प्रश्न ज्याने ऐकला नाही, त्याने बाई पाहिल्याच नाहीत असं मी खुशाल म्हणेन. प्रश्न विचारताना चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि समोरच्याकडे अशा बघायच्या, की गृहपाठ न करता वर्गात आल्यासारखं वाटावं. "बाई, या पेशी मेल्यात." दिसलं, की वाटलं? "बाई, साहेब आज रागात आहेत." दिसलं, की वाटलं? एकदा वैतागून मीच म्हणालो, "बाई, मला भूक लागलीय. आता हे दिसलं की वाटलं?" त्या म्हणाल्या, "वाटलं. पण एवढं चालेल. जा, जेवून ये."

उरण नाक्यावर करंजाची एक कोळीण मासळी घेऊन बसायची. तिलाही बाईंनी सोडलं नाही. ती म्हणाली, "बाय, पापलेट सकालचाच हाय." बाईंनी चष्मा वर सरकवला. "दिसलं, की वाटलं?" कोळीण कसली ऐकतेय! "माजा नवराच गेल्ता दर्यावर. आनि मना कशाला इचारतेस, ह्यो बग." तिने पापलेटाचा कल्ला अंगठ्याने उघडून बाईंच्या नाकासमोर धरला. आत लालभडक. बाई इतक्या खूश झाल्या की घरी एकट्या राहत असूनही दोन जोड्या घेऊन आल्या, आणि दुसऱ्या दिवशी डब्यातली तुकडी मला आणि धर्मामामांना.

आता बाई कोण, ते सांगतो. नव्वद सालाच्या आगेमागे एका ट्रस्टने पनवेलबाहेर, हायवेपासून जरा आत, कर्करोगाच्या संशोधनासाठी छोटी प्रयोगशाळा काढली होती. माझे सख्खे काका म्हणाले, "कर्करोगाचं संशोधन? आपल्या पनवेलात? काहीतरीच!" पण होतं खरं. पुढे दोन खोल्यांत सूक्ष्मदर्शक आणि काचेची भांडी, मागे पत्र्याच्या शेडमध्ये उंदीरघर. माणसं तीन. बाई शास्त्रज्ञ, मी बी.एस्सी. होऊन लागलेला तंत्रज्ञ, आणि उंदीर सांभाळायला कोन गावचे धर्मामामा. ट्रस्टचे साहेब दर गुरुवारी मुंबईहून गाडीने यायचे, उंटावरून शेळ्या हाकायचे आणि चहा पिऊन परत जायचे.

गावात बाईंना सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. त्यामुळे व्हायची पंचाईत. त्यांच्या बिऱ्हाडाच्या जिन्यावर रविवारी सकाळी कोणीतरी खोकत बसलेलं असायचंच. "अहो, मी माणसांची डॉक्टर नाही, मी उंदरांच्या पेशी बघते," असं त्या घसा फोडून सांगत. एक आजोबा म्हणाले, "मग काय झालं? खोकला तोच असतो." बाईंनी त्यांना चांगल्या डॉक्टरांचा पत्ता दिला आणि वर रिक्षात बसवून दिलं. पुढच्या रविवारी आजोबा पुन्हा हजर, खोकला बरा झाल्याचं सांगायला.

बाईंचं काम टी पेशींवर. या पेशी आपल्या रक्तात असतात. छातीत हृदयाच्या वर थायमस नावाची मऊ ग्रंथी असते, तिथे त्या तयार होऊन बाहेर पडतात, म्हणून टी. परक्या जंतूला त्या ओळखतात हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंचं म्हणणं, त्या कर्करोगाच्या पेशीलाही ओळखू शकतात, आणि एकदा ओळखलं की लक्षात ठेवतात. आज टी पेशींना हाताशी धरून उपचार होतात हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचता. तेव्हा मात्र भलेभले हसायचे. कर्करोग ही आपलीच पेशी, तिला आपलं शरीर परकं कसं मानेल? बाई म्हणायच्या, "हसू देत. मी करून दाखवते." आवाज कधी चढवला नाही, पण शंकेचा लवलेशही नाही.

मी एकदा पाहुण्यांसमोर शहाणपणा करून या पेशींना 'शरीराचे सैनिक' म्हणालो. पाहुणे गेल्यावर बाईंनी माझी हजेरी घेतली. "सैनिक हुकमाने मारतो. ही तशी नाही. ही प्रत्येक पेशीला हात लावून बघते. ती आपली कोळीण अंगठा घालून कल्ला बघते ना, तशी." त्या दिवसापासून मी सैनिक हा शब्द टाकला तो टाकलाच.

आमच्याकडे साधनांची बोंब होती. पेशी वाढवायला पेटीत कार्बन डायऑक्साइड लागतो. आमची पेटी बिघडायची, आणि धड असली की लाइट जायचे. मग बाई जाड काचेच्या बरणीत पेशींच्या बशा ठेवायच्या, शेजारी मेणबत्ती पेटवायच्या आणि झाकण घट्ट लावायच्या. मेणबत्ती हवा खाऊन विझली की आतली हवा पेशींना मानवे. साहेबांनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "आज काही पूजा आहे का?"

पण एका बाबतीत बाई कोणाला म्हणजे कोणालाही सूट देत नसत. ज्याने सुई टोचली त्याने गाठ मोजायची नाही. "डोळा लबाड असतो रे. त्याला जे हवं ते तो बघतो." म्हणून टोचायचं मी, मोजायचं बाईंनी. कोणत्या उंदराला काय टोचलंय हे माझ्या वहीत, आणि वही साहेबांच्या कपाटात, कुलपात. स्वतःवरसुद्धा एवढा कडक पहारा ठेवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

आता तो प्रयोग. काही उंदरांना कर्करोगाच्या मारून टाकलेल्या पेशी टोचायच्या, म्हणजे त्यांच्या टी पेशी तो रोग ओळखायला शिकतील. मग या शिकलेल्या टी पेशी काढून नव्या उंदरांना द्यायच्या. दुसऱ्या काही नव्या उंदरांना साध्या, न शिकलेल्या टी पेशी द्यायच्या. शेवटी सगळ्यांनाच जिवंत कर्करोग टोचायचा आणि कोणाला गाठ येते ते बघायचं. दोन्ही प्रकारचे उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवायचे, म्हणजे खाणं, हवा, उकाडा सगळं सारखं. ओळखायचे कानावरून. उंदराच्या कानाला चिमट्याने बारीकशी खाच पाडतात, एकाला उजव्या कानाला, दुसऱ्याला डाव्या. मी वहीत लिहिलं: शिकलेल्या पेशीवाले उजवा कान, साध्या पेशीवाले डावा. खाचा मीच पाडल्या.

बाईंनी कितीतरी आठवडे रोज गाठी मोजल्या. मग एका गुरुवारी साहेबांसमोर वही उघडली. आणि काय सांगू तुम्हांला! सगळं उलटं. उजव्या कानवाल्यांना, म्हणजे शिकलेल्या पेशी मिळाल्या त्यांनाच, टपोऱ्या गाठी. साधेवाले ठणठणीत. सहापैकी दोन पिंजऱ्यांत सरमिसळ होती, बाकी चित्र स्वच्छ.

बाईंचा चेहरा उतरला. म्हणजे त्यांच्या टी पेशी रोगाला अडवत नव्हत्या, उलट खतपाणी घालत होत्या! साहेब मात्र खुर्चीतून उठलेच. काही टी पेशी उलट दुसऱ्या पेशींना आवरून धरतात अशी एक कल्पना तेव्हा परदेशी मासिकांतून येऊन गेली होती. "हे तर त्याचंच उदाहरण! परिषदेत मांडा. मार्चमध्ये तुमची मुदत संपतेय, ती मी वाढवून घेतो. अहो, याच्यावर नवी प्रयोगशाळा उभी राहील!"

मला वाटलं, बाई आता चष्मा वर सरकवतील. नाही सरकवला. मी नंतर विचारलं, "बाई, तुम्हांला पटतंय का हे?" त्या म्हणाल्या, "माझ्या विरुद्ध आलंय ना? म्हणूनच खरं असणार. मनासारखं आलं असतं तर मी दहादा तपासलं असतं." आणि त्या निबंध लिहायला बसल्या. जन्मभराची आपली समजूत चूक ठरवणारा निबंध, स्वतःच्या हाताने, पान पान करून. मला ते बघवत नव्हतं.

पंधरा दिवसांनी धर्मामामा कामावर उशिरा आले. एरवी घड्याळ लावून घ्यावं असा माणूस. म्हणाले, "गावात भांडान झालं. बकरीवरनं." त्यांच्याकडे बकऱ्यांना ओळखीसाठी कानाला काप देतात, कोणाचा उजवा, कोणाचा डावा. शेजाऱ्याच्या नव्या जावयाने हौसेने दोन करडांचे कान कापले आणि दोन्ही करडं दुसऱ्याच्या नावावर गेली. मी हसत विचारलं, "असं कसं झालं?" मामा म्हणाले, "यडा समोर उभा रायला. बकऱ्याचा कान मागशी उभं रावून कापायचा असतो. समोरशी कापला का त्याचा उजवा तुमच्या डाव्या हाताला येतो. येवडं नाय समजत?"

माझं हसू जागच्या जागी थिजलं. मी शेडमध्ये गेलो, एक उंदीर मानेला धरून उचलला. टोचताना मी उंदीर नेहमी कसा धरतो? पोट माझ्याकडे, तोंड माझ्याकडे. आणि त्याच हातात, तसाच धरून, मी माझ्या उजव्या हाताकडच्या कानाला 'उजवा' म्हणून खाच पाडली होती. तो कान उंदराचा डावा होता. बाई मोजताना उंदीर जाळीवर ठेवून मागून बघायच्या. त्यांचा उजवा तो खरा उजवा. माझी पाचावर धारण बसली.

मी तापट माणूस. चूक झाली की आधी दुसऱ्याच्या अंगावर ढकलायची, ही तेव्हाची माझी रीत. चार दिवस मी सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. वीज मंडळाला, साहेबांना, चिमटा बनवणाऱ्याला, त्या बिचाऱ्या उंदरांना. बोललो तर नोकरी जाणार. नाही बोललो तर बाई चारचौघांत उभ्या राहून खोटं सांगणार, आणि खरं समजून सांगणार. पाचव्या दिवशी भात गिळेना, तेव्हा मी गेलो.

बाई सूक्ष्मदर्शकावर पेशी मोजत होत्या. हातानेच 'थांब' म्हणाल्या. मोजणी संपवून आकडा लिहिला आणि मग मान वर केली.

"बाई, कान उलटे पडलेत असं वाटतंय."

चष्मा कपाळावर गेला. "दिसलं, की वाटलं?"

"दिसलं नाही. आठवतंय. आणि तेही पुरतं आठवत नाही." मग मी सगळं घडाघडा सांगितलं. पहिल्या दोन पिंजऱ्यांतले कान कदाचित टोचायच्या आधी, जाळीवरच ठेवून, मागून पाडले असावेत. त्या दिवशी दोनदा लाइट गेले होते. नक्की कोणत्या उंदरापासून समोरून पाडायला लागलो, देवाशपथ आठवत नाही.

बाई उठून व्हरांड्यात गेल्या, खांबाला हात लावून उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, पण त्या हसत होत्या. "म्हणजे माझ्या पेशी बऱ्या आहेत म्हणायच्या. निदान वाईट ठरलेल्या नाहीत." आणि मग, "धर्मामामांना चहा सांग. त्यांनी आपल्याला वाचवलं."

गुरुवारी साहेबांना सांगितलं. ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी भिंतीला टेकलो. पण माणूस हुशार, लगेच मार्ग काढला. "यात काय अवघड आहे? उलटून घ्या. चार पिंजरे उलटे धरा, दोन सरळ. बघा, सगळं जमतंय! तुम्हांला हवं होतं तेच येतंय. हेच परिषदेत मांडा."

तुम्हीच विचार करा. जी गोष्ट सिद्ध करायला बाईंनी उमेदीची वर्षं घातली, ती टेबलावर तयार होती. नुसता वहीतला शब्द बदलायचा. जग विचारायला येणार नव्हतं. मीसुद्धा, खोटं कशाला सांगू, मनातून म्हणत होतो, करा बाई, करा उलटं.

बाई म्हणाल्या, "हवं तिथे उलटायचं आणि नको तिथे सरळ ठेवायचं? मग उंदीर कशाला हवेत, साहेब? माझी इच्छाच छापून टाकू. याला आठवत नाही. न आठवणाऱ्या गोष्टीखाली मी सही करत नाही."

"मग मुदतवाढ विसरा," साहेब म्हणाले.

"मार्चपर्यंत आहे ना? पुरेल."

परिषदेला त्यांनी पत्र लिहिलं. मी चोरून वाचलं. त्यात माझं नाव नव्हतं. लिहिलं होतं, 'खूण कशी करायची याची लेखी पद्धत मी ठरवून दिली नव्हती. चूक माझी आहे. निबंध मागे घेत आहे.' मी पत्र घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. "बाई, हे खोटं आहे. चूक माझी." त्या म्हणाल्या, "तुझी अर्धी, माझी अर्धी. पण पत्रावर सही एकाचीच बसते." आणि कान पाडायचा चिमटा माझ्या हातात ठेवला. "सोमवारपासून परत. कान तूच पाडायचेस. मामांसमोर."

सोमवारपासून खरंच परत. नवे उंदीर, पुन्हा सगळं पहिल्यापासून. कोणता कान कोणत्या पेशींचा हेही मी बाईंना न सांगता नव्याने ठरवलं, आणि वही या वेळी मामांच्या ताब्यात, कुलपात. मी जाळीवर उंदीर ठेवून मागून कान पाडायचो आणि धर्मामामा शेजारी उभे राहून मोठ्याने म्हणायचे, "उजवा हाय, बराबर हाय," नाहीतर "डावा हाय, बराबर हाय." प्रत्येक उंदराला. बाई रोज मोजायच्या आणि जाताना गुणगुणायच्या. परिषद गेली, मुदतवाढ गेली, आणि या बाई गुणगुणतायत! साहेब आता गुरुवारीही यायचे नाहीत.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वही उघडली. आम्ही तिघंच होतो. बाई एकेक आकडा वाचत होत्या, मी शेजारी कान लिहीत होतो, मामा दारात. डाव्या कानाचे जवळपास सगळे गाठींनी फुगलेले. उजव्या कानाचे, म्हणजे शिकलेल्या पेशीवाले, स्वच्छ. एक, दोन, पाच, आठ... स्वच्छ, स्वच्छ. मी ओरडलोच. मामांनी टोपी काढली. बाई मात्र पुढे वाचत राहिल्या. उजव्या कानाच्या तिघांना गाठी होत्या. शिकलेल्या पेशी मिळूनही.

"तीनच तर आहेत, बाई. बाकीचे बघा ना!" मी म्हणालो.

"बाकीचे बघितले. बरोबर निघाले. आता मला हे तीन दिसतायत. यांना काय झालं?" त्यांनी ते तीनही आकडे निबंधात ठसठशीत लिहिले, आणि खाली, 'याचं कारण आम्हांला माहीत नाही.' छोट्याशा मासिकात तो निबंध आला. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. पण नंतर दोन ठिकाणच्या लोकांनी तोच प्रयोग करून बघितला आणि तसंच आल्याचं बाईंना कळवलं. बाई म्हणाल्या, "बघ. आता ते माझं राहिलं नाही, खरं झालं."

प्रयोगशाळा बंद झाली. बाई दक्षिणेत एका कॉलेजात गेल्या. मी उरण नाक्याजवळ रक्त तपासायची लहानशी लॅब टाकली, मामा कोनला शेतीकडे वळले. निघताना मी म्हणालो, "बाई, माझ्यापायी तुमची प्रयोगशाळा गेली." त्या चिडल्याच. "प्रयोगशाळा साहेबांची होती. उत्तर माझं होतं, ते मी घेऊन चाललेय." आणि म्हणाल्या, "दर जानेवारीत मला पत्र टाक. वर्षभरात काय चुका केल्यास ते लिही. मी माझ्या लिहीन."

तुम्हांला गंमत वाटेल, पण आम्ही ते पाळलं. मी लिहायचो: एकाचा रक्तगट चुकीचा लिहिला, रात्र व्हायच्या आत घरी जाऊन कागद परत आणला, त्याच्या बायकोने यथेच्छ झापलं. बाईंचं पोस्टकार्ड यायचं, आकडे घालून. '१. नव्या मुलीवर ओरडले. तिचंच बरोबर होतं. २. बाटलीवरची तारीख वाचली नाही, पंधरा दिवस वाया. ३. भावाच्या वाढदिवसाला वहिनीचं अभिनंदन केलं.' ते वाचून मला इतकं बळ यायचं! पेशंटला समोर बसवून 'माझी चूक झाली, पुन्हा रक्त द्या' म्हणायला आता मला लाज वाटत नाही. लोक चिडतात, आणि पुढच्या वेळी माझ्याकडेच येतात.

एका जानेवारीत कार्ड आलं नाही. फेब्रुवारीत एक पाकीट आलं, बाईंच्या भावाचं. बाई डिसेंबरात गेल्या होत्या, झोपेतच. त्यांच्या टेबलावर अर्धवट लिहिलेलं पोस्टकार्ड सापडलं, त्यावर माझा पत्ता होता, म्हणून पाठवतोय, असं त्यांनी लिहिलं होतं.

कार्डावर एकच ओळ होती. '१. त्या तीन उंदरांकडे मी पुरेसं बघितलं नाही. त्यांच्यात गाठ टिकली कशी, हे कळलं असतं तर पुष्कळ कळलं असतं.' खाली दोनचा आकडा. पुढे कोरं.

मी लॅबला कुलूप लावलं आणि कोनला गेलो. धर्मामामा अंगणात सुंभ वळत बसले होते. मी बातमी सांगितली, कार्ड वाचून दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं. वाचता येत नव्हतं त्यांना.

"मंग त्या तिगांकडं आता कोन बगनार?" त्यांनी विचारलं.

मी तिथेच ओट्यावर बसून रडलो, आणि मामांनी मला रडू दिलं.